सेन्योरांच्या टेबलावरची छत्री

सेन्योरांच्या टेबलावर एकदा ठेवलेली वस्तू परत हवी असेल, तर ती आपली आहे असं स्पॅनिशमध्ये सांगावं लागे. वाक्य चुकलं की वस्तू तिथेच राहायची. सेन्योर ती उचलत, मुद्दाम त्यासाठी ठेवलेल्या पिवळ्या फडक्याने पुसत, मागच्या कपाटात ठेवत आणि शांतपणे म्हणत, "पुढच्या वेळी मागा." त्या कपाटात चष्म्याची घरं होती, तपकिरीच्या डब्या होत्या, एक इस्त्री होती आणि डाव्या पायाची एक चप्पल होती. तिचा मालक त्या संध्याकाळी उजवी चप्पल हातात धरून अनवाणी घरी गेला होता.

आमच्या अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, छत्रीही त्याच कपाटात होती. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जितका काळ चालली, जवळजवळ तितकाच काळ ती तिथे होती. दोन्ही बाबतींत माझी कामगिरी सारखीच आहे. घोषणा मी जोरात दिल्या, निस्तरायचं काम दुसऱ्यांवर सोडलं.

छत्री मीच नेली होती. सेन्योरांच्या स्पॅनिशच्या वर्गातला माझा पहिला दिवस होता. "आपापली एकेक वस्तू आणा," असं सेन्योरांनी सांगितलं होतं, आणि माझ्याकडे आपलं म्हणावं असं काही नव्हतं. मी इंटरला दुसऱ्यांदा नापास झालो होतो, अंगातला सदरासुद्धा मोठ्या भावाचा होता. दारामागे अप्पांची छत्री दिसली, ती उचलली. टेबलासमोर उभं राहून मी छातीठोकपणे म्हणालो, "पाराग्वास एस मीआ." पाराग्वास म्हणजे छत्री. आपल्याकडे छत्री ती, म्हणून मी "मीआ" म्हटलं. स्पॅनिश लोकांकडे छत्री तो असतो, म्हणजे "मीओ" हवं होतं. सेन्योरांनी पिवळं फडकं उचललं.

दुसऱ्या दिवशी अप्पा स्वतः चाळीत खाली, सेन्योरांकडे गेले. "माझी छत्री द्या," म्हणाले.

"तुमची आहे?" सेन्योरांनी विचारलं. "मग चिरंजीव 'माझी' कसं म्हणाले?"

"मूर्ख आहे म्हणून."

"बरं झालं सांगितलंत. आता ती तुम्हीच मागायची. बुधवारी या. एकच वाक्य आहे, सोपं आहे."

अप्पा एका विमा कचेरीत हेडक्लार्क होते. आयुष्यात त्यांनी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. रागाने जिना चढत वर आले आणि सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझीच छत्री मी परक्या भाषेत मागू? पावसात भिजून मरेन, पण मागणार नाही." आणि खरोखरच ते पुढे दर पावसाळ्यात डोक्यावर घडी केलेलं वर्तमानपत्र धरून ट्रामच्या थांब्यापर्यंत पळत जायचे. नवी छत्री घ्या म्हटलं की म्हणायचे, "माझी छत्री असताना दुसरी कशाला घेऊ?" त्यांना तसं पळताना पाहून मला फार अपराधी वाटे. पण अपराधी वाटणं हा माझा स्वभावच आहे. ट्राममध्ये कंडक्टर शेजारच्याला तिकीट विचारू लागला, तरी मी खिसे चाचपतो.

सेन्योर म्हणजे स्पॅनिशमध्ये साहेब; त्यांचं खरं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, पण गिरगावात ठाकूरद्वाराजवळच्या आमच्या चाळीत ते कोणी वाचत नसे. ते कधी मुंबईबाहेर गेले नव्हते. एकदा लाँचने रेवसला निघाले होते, तर अर्ध्या वाटेत त्यांना बोट लागली आणि त्याच लाँचने ते परत आले. पण फोर्टातल्या एका निर्यात पेढीत तीस वर्षं ते दक्षिण अमेरिकेचा पत्रव्यवहार बघत. आधीच्या कारकुनाकडून त्यांनी स्पॅनिश उचललं आणि मग बुएनोस आयरेस, वालपारायसो ही गावं त्यांना भुलेश्वर आणि चिराबाजारासारखी झाली. मात्र या गावांची सगळी माहिती त्यांना तक्रारींतून मिळालेली. अमक्या बंदरात मिरी ओली पोचते, तमक्या ठिकाणचे हमाल पोती आकड्याने ओढतात. "पण माणसं फार सभ्य," ते म्हणायचे. "पोती फाटली म्हणून शिव्या देतील, आणि खाली लिहितील, आपल्या हाताचं चुंबन घेणारा."

"बाई असेल लिहिणारी," काकू आतून म्हणायच्या.

काकू म्हणजे सेन्योरांच्या पत्नी. त्यांनी नवऱ्याचं स्पॅनिश कधी मनावर घेतलं नाही, आणि कधी कोणाला त्याबद्दल बोलूही दिलं नाही. त्या वर्गात दाराशी तांदूळ निवडत बसत आणि मधेमधे शेरे मारत. एकदा सेन्योर फळ्यावर "सू" हा शब्द लिहून समजावत होते. सू म्हणजे त्याचं. सू म्हणजे तिचंही. त्यांचंही. आणि आदराने बोलायचं असेल तर तुमचंही.

"म्हणजे कोणाचं ते कळूच नये अशी सोय," काकू म्हणाल्या. "आमच्या दिरांनी शोधली असणार ही भाषा."

सेन्योर हसले नाहीत. वर्गात ते हसत नसत. पण फळ्याकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले, तेव्हा त्यांचे खांदे हलत होते.

त्यांचा एक लाडका मुद्दा होता. तो ते दर नव्या विद्यार्थ्याला ऐकवत. काळा कोट, काळी टोपी, पांढरं धोतर अशा वेशात ते उभे राहत आणि स्वतःच्या अंगावरच शिकवत. "हा काय? माझा कोट. ही? माझी टोपी. हे? माझं धोतर. बघा, वस्तू बदलली की आपलं 'माझं' बदलतं. इंग्रजाला हे जन्मात कळायचं नाही. त्याला कोट आणि टोपी एकच. स्पॅनिश माणसाला कळतं. म्हणून ही भाषा आपल्या जवळची." मग कोणीतरी हटकून विचारी, की स्पॅनिशमध्ये नपुंसकलिंग नाही, तर धोतर तो की ती? यावर वर्गात दोन तट पडत. सेन्योर म्हणायचे, "तिकडच्या कोणी अजून धोतर नेसलेलं नाही. नेसतील तेव्हा ठरवतील."

मी वर्गात का गेलो, हेही सांगतो. चाळीत मी सांगितलं होतं की बोटीवर नोकरी घेऊन अर्जेंटिनाला जाणार आहे. मनात वेगळंच होतं. जी भाषा आसपास कोणालाच येत नाही, तीत मी नापास झालो तर कोणाला कळणार नाही, असा माझा हिशेब होता. तेवढ्यासाठी जो माणूस सातासमुद्रापलीकडची भाषा शिकायला जातो, तो माझ्यासारखाच असणार.

आणि एवढं करून आम्ही शिकलो काय? फक्त कोणाचं काय ते. वर्गात दर महिन्याला कोणी नवीन येई, त्याच्यासाठी सेन्योर पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. मी माझं, तू तुझं, नुएस्त्रो आमचं. क्रियापदांपर्यंत आम्ही पोचलोच नाही. पुढे मी गोदीच्या कचेरीत कारकून लागलो. तिथे एकदा स्पॅनिश बोलणारा एक खलाशी धक्क्यावर एकटाच बसलेला दिसला. बिचारा तहानलेला असावा. मी त्याच्यापुढे उभा राहिलो, आणि त्याच्या भाषेत त्याला सांगितलं की बोट तुमची आहे. समुद्र आमचा आहे. टोपी तुमची आहे. पाणी हवं का, एवढं मला विचारता येईना. त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि एक सिगारेट पुढे केली. मी सिगारेट ओढत नाही. पण ती माझी आहे असं स्पष्ट उच्चारात सांगून मी ती घेतली.

सेन्योर या धड्यापाशी का अडकून राहिले, हे मला काकूंनी सांगितलं, तेही रागाच्या भरात. "तीस वर्षं हा माणूस लिहीत होता, आमचा माल, आमची बोट, आमची कचेरी. त्यातलं ह्यांचं काय होतं? निवृत्त झाले त्या दिवशी दौतसुद्धा टेबलावर ठेवून आले. हातात फक्त जेवणाचा डबा. महिनाभर खिडकीशी बसून होते. हा वर्ग सुरू केला तेव्हा कुठे जेवायला लागले. आयुष्यात 'माझं' म्हणावं असं एवढंच आहे त्यांना. मी सोडून." मग जरा थांबून म्हणाल्या, "मी तर त्यांना 'आमची ही' आहे."

हे त्यांनी सांगितलं ते एका संकटाच्या वेळी. वर्ग भरायचा तळमजल्यावरच्या मधल्या खोलीत. ती खोली चाळीची होती, गणपतीचं सामान ठेवायची. लांब टेबलही चाळीचंच. बुधवार आणि शनिवार संध्याकाळी सेन्योर ती वापरत, कोणाची हरकत नव्हती. पण चळवळ पेटली तशी ती खोली चळवळीच्या कामाला हवी झाली. फलक रंगवायचे, बैठका घ्यायच्या, सकाळच्या फेरीचं सामान ठेवायचं. गिरगावात तेव्हा दर दोन दिवसांनी दुकानांच्या फळ्या पडत, लाठीमाराच्या बातम्या येत, घराबाहेर पडलेला माणूस वेळेवर परत आला नाही की गॅलरीत बायका उभ्या राहत. अशा दिवसांत खाली बारा-पंधरा माणसं चप्पल कोणाची यावर चर्चा करत बसलेली चांगली दिसेनात.

चाळीच्या कमिटीचे पुढारी होते तात्या परब. परळच्या एका गिरणीत माग चालवणारे साचेवाले, मूळ मालवणकडचे, आवाज असा की फेरी त्यांच्या नुसत्या खोकण्याने निघावी. बैठकीत ते उभे राहिले. "मराठीसाठी माणसां रस्त्यार इली, आणि आमच्या खोलयेत स्पॅनिश शिकवतत? लोकां काय म्हणतली?"

हात वर करायला सांगितलं. मी कमिटीवरही होतो आणि वर्गातही. कमिटीने माझ्याकडे फेरीचा कर्णा सांभाळायचं काम दिलं होतं. पत्र्याचा मोठा कर्णा, ज्यात तोंड घालून तात्या घोषणा देत. मी हात वर केला खरा, पण खांद्यापर्यंतच. खाजवतोय असंही वाटावं आणि मत दिलं असंही वाटावं, इतपत. तात्यांनी तो मोजला. ठराव झाला, येत्या रविवारपासून खोली पूर्णपणे चळवळीची.

निरोप घेऊन मलाच पाठवलं. सेन्योरांनी ऐकून घेतलं. "खोली चाळीची आहे," ते म्हणाले. "त्यांचं बरोबर आहे. शनिवारचा वर्ग शेवटचा. सगळ्यांना कळव." मग खिडकीशी जाऊन बसले. काकूंनी मला जिन्यापर्यंत आणून वरचं सगळं सुनावलं आणि शेवटी म्हणाल्या, "तू होतास ना रे बैठकीला? काय केलंस?"

"मी अर्धा हात वर केला," मी म्हणालो.

"अर्धा," काकू म्हणाल्या. आणि आत गेल्या.

शनिवारी मी कर्ण्याला रंग देऊन घेऊन येत होतो. रविवारी सकाळी मोठी फेरी होती, ठाकूरद्वारापासून थेट लालबागपर्यंत. वर्गाची वेळ झाली होती, घरी जाऊन वस्तू आणायला सवड नव्हती, आणि शेवटच्या वर्गाला रिकाम्या हाताने जाणं बरं दिसेना. मी कर्णा टेबलावर ठेवला.

त्या दिवशी सेन्योरांनी कोणाचीच वस्तू ठेवून घेतली नाही. प्रत्येकाने काहीतरी पुटपुटलं, त्यांनी मान डोलावली आणि वस्तू परत दिली. वर्ग संपत आला होता. शेवटी माझी पाळी आली. मी उभा राहिलो. का कोण जाणे, त्या दिवशी माझ्या तोंडून प्रत्येक अक्षर जागच्या जागी पडलं. "एल मेगाफोनो एस मीओ." कर्णा माझा आहे.

वर्ग थक्क झाला. मीही झालो. सेन्योर माझ्याकडे बघत राहिले.

"वाक्य बरोबर," ते म्हणाले. "पण खोटं."

आणि पिवळं फडकं उचललं.

"सेन्योर, उद्या फेरी आहे हो!"

"मग ज्यांचा आहे त्यांनी मागावा." कर्णा कपाटात गेला. अप्पांच्या छत्रीशेजारी. सेन्योरांनी किल्ली कोटाच्या खिशात टाकली आणि खुर्चीवर बसून राहिले, जणू वर्ग आत्ताच सुरू होणार होता.

मी जिन्याकडे पळालो तो तात्यांच्या छातीवरच आदळलो. ते गिरणीतून नुकतेच आले होते. मी सांगितलं.

"मेल्या!" तात्या म्हणाले. "सकाळी फेरी, आणि कर्णो स्पॅनिशवाल्याच्या कपाटात? फेरी काय तुझ्या नरड्यान काढूची?"

त्यांचा आवाज ऐकून मजल्यामजल्यावर दारं उघडली. लोक कठड्याशी आले. तात्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले, मागे कमिटीची माणसं.

"सेन्योर, कर्णो द्या बघू."

"बसा तात्या. देतो. वर्गाचा नियम तेवढा पाळा. कोणाचा आहे ते सांगा."

"कोणाचो म्हणजे? आमचो! सगळ्या चाळीक ठावक आसा!"

"मलाही ठाऊक आहे. पण या टेबलावर ठेवलेली वस्तू त्या भाषेत मागावी लागते. रात्रीपर्यंत खोली माझ्या वर्गाची आहे, तुमच्याच ठरावाप्रमाणे."

"अहो, द्या की," काकू दारातून म्हणाल्या. सेन्योरांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तात्यांचा चेहरा लाल झाला. "आमचोच कर्णो आमी मागूचो कित्याक? ह्यो काय न्याय?"

"न्याय नाहीच," सेन्योर म्हणाले. "पण तात्या, सगळी मुंबई आज दुसरं काय करते आहे? आपलीच वस्तू मागते आहे. आपल्याला मराठीत कळतं कोणाची ती. ज्यांना मराठी कळत नाही, त्यांना कळेल असं सांगावं लागतंय. एवढंच मी इथे शिकवतो. बाकी मला काही येत नाही."

वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी चुलीवरचं दूध उतू गेल्याचा वास आला, पण कोणी आत गेलं नाही.

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. मग बाकावर बसले. मोठा माणूस, गुडघे टेबलाला टेकत होते. "काय म्हणाचा ता सांगा एकदाचा."

"एल मेगाफोनो," सेन्योर म्हणाले.

"येल मेगाफोनो."

"एस नुएस्त्रो. आमचा आहे."

"येस नुयेस्त्रो." तात्यांनी दोनदा घोळवलं. "नुयेस्त्रो. गोड आसा." आणि मग फेरीतल्या सवयीने त्यांनी मान वर केली आणि गरजले, "येल मेगाफोनो!"

गॅलरीतून, सवयीनेच, उत्तर आलं. तिन्ही मजल्यांवरून. "येस नुयेस्त्रो!"

पुन्हा एकदा. मग पुन्हा. बायका म्हणत होत्या, पोरं म्हणत होती, कोपऱ्यातल्या खोलीतले कधी कोणाशी न बोलणारे मास्तर म्हणत होते. चाळीत एकच माणूस गप्प होता. दुसऱ्या मजल्यावर, कठड्याला पाठ करून, वर्तमानपत्र वाचत. आमचे अप्पा.

सेन्योरांनी किल्ली काढली. कर्णा तात्यांच्या हातात दिला, आधी पुसून. तात्या जायला निघाले आणि दारात थांबले. "आणि सेन्योर, मुंबय? ती काय? तो की ती?"

"ती," सेन्योर म्हणाले. "आपल्यातही ती, त्यांच्यातही ती. बोंबाय एस..." आणि त्यांनी वाक्य सोडून दिलं, जसं ते कच्च्या विद्यार्थ्यासाठी सोडत.

तात्यांनी डोळे मिटले. ओठ हलवून बघितले. साच्यावर धागा जोडताना माणूस जसा श्वास धरतो तसा धरला. "नुयेस्त्रा," ते म्हणाले. हळूच म्हणाले. कर्णा हातात असून त्यांनी तो तोंडाला लावला नाही.

सेन्योरांनी चष्मा काढला आणि त्या पिवळ्या फडक्याने बराच वेळ पुसत राहिले.

तात्या जिन्यापर्यंत गेले आणि तिथून, पाठमोरेच, ओरडले, "बुधवार-शनिवार तुमचेच. बाकीचे दीस आमचे. कोणाची हरकत?" कोणाची नव्हती. मी दोन्ही हात वर केले. कोणी ते मोजले नाहीत.

सेन्योरांनी हे मुद्दाम केलं, की नियम म्हणून केलं, हे मला आजही ठरवता येत नाही. मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "तू खोटं बोललास म्हणून झालं." एवढं एकच कौतुक मला त्यांच्याकडून मिळालं.

दुसऱ्या दिवशी फेरीत लालबागच्या नाक्यावर तात्यांनी मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची घोषणा दिली, आणि तिच्या शेपटाला "नुयेस्त्रा" जोडलं. आमच्या चाळीने जोरात साथ दिली. बंदोबस्तावरचा हवालदार गोंधळून शेजारच्याला विचारत होता, "ही कोणती नवी मागणी?"

वर्ग पुढे चालला. आता त्यात तात्या रात्रपाळी नसेल तेव्हा येऊन बसत, तंबाखूची डबी टेबलावर ठेवत आणि बहुधा गमावून जात. क्रियापदं तरीही आली नाहीत.

राज्य झालं. चाळीने गॅलरीभर कंदील लावले, सेन्योरांनी मधल्या खोलीत पेढे वाटले. आणि त्याच उन्हाळ्यात ते नागपूरला जायला निघाले. मुलगी आणि जावई तिथे होते, आणि सेन्योरांना आता जिना चढवत नव्हता. "जाऊ तिथेही आपलंच राज्य आहे," काकू म्हणाल्या. "आता नागपूर काय परकं राहिलंय?" पण पदर डोळ्यांना लावूनच म्हणाल्या.

निघायच्या दिवशी दुपारी सेन्योरांनी कपाट रिकामं केलं. लांब टेबल अंगणात काढून सगळ्या वस्तू पुसून त्यावर मांडल्या. चाळ रांगेने आली. ज्याने त्याने आपली वस्तू मागितली, चुकतमाकत, आणि सेन्योरांनी त्या दिवशी एकही चूक दुरुस्त केली नाही. तात्यांनी आपल्या तंबाखूच्या डब्या नेल्या. डाव्या चपलेचा मालक आला, त्याच्या पायात नव्या चपला होत्या, तरी त्याने ती मागून घेतली.

टेबलावर एकच वस्तू उरली. बाहेर भाड्याची घोडागाडी, व्हिक्टोरिया, उभी होती, ट्रंका चढल्या होत्या, बोरीबंदरला वेळेवर पोचायचं होतं. ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. सेन्योर टोपी घालून छत्रीकडे बघत उभे होते.

मी पुढे झालो. गेली कित्येक वर्षं मी या क्षणाची तयारी करत होतो, असं नाही. पण वाक्य आपोआप आलं. "एल पाराग्वास एस सूयो." छत्री तुमची आहे.

"वाक्य बरोबर," सेन्योर म्हणाले. आणि मला कळलं पुढे काय येणार. "पण छत्री तुझ्या वडिलांची आहे. देणारा तू कोण?"

नेहमीप्रमाणे मी खाली बघितलं. नेहमीप्रमाणे माझी चूक होती. काकू व्हिक्टोरियात बसून म्हणाल्या, "अहो, चला आता."

तेव्हा वरून खाकरल्याचा आवाज आला. अप्पा कठड्याला टेकून उभे होते. तोंड आमच्याकडे होतं, हातात वर्तमानपत्र नव्हतं. त्यांनी गळा साफ केला, कॉलर सारखी केली, आणि साहेबासमोर बोलताना वापरत त्या आवाजात, एकेक अक्षर तोडत म्हणाले:

"एस. सूयो. सेन्योर."

कुठे शिकले कोण जाणे. चार वर्षं कठड्याला पाठ करून वर्तमानपत्र वाचत होते, एवढं खरं.

सेन्योरांनी डोक्यावरची टोपी काढून वर पाहिलं. टोपी पुन्हा घातली, छत्री उचलली, आणि तेवढीच एक वस्तू त्यांनी पुसली नाही. भर उन्हात ती उघडून, काकूंच्या डोक्यावर धरत ते व्हिक्टोरियात बसले. गाडी ठाकूरद्वाराच्या वळणावर जाईपर्यंत ती काळी छत्री दिसत राहिली.

"घरात ये," अप्पा वरून मला म्हणाले. "आणि उद्यापासून डोक्यावर काय धरायचं, ते तूच सांग."